तेहरानचा निम्मा खर्च

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं थोडी होती आणि पुस्तिका ढीगभर. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्या मुखपृष्ठांवर. इतर मुली परीराणीचं काय झालं ते विचारायच्या. मी विचारायचे, मिठागराच्या मालकाचं काय झालं. पप्पा सांगायचे, काही झालं नाही, म्हणून तर पुस्तिका लिहावी लागली.

वसईहून निघताना त्यांच्या वाट्याला दोन बॅगा आल्या होत्या. एकीत कपडे आणि दुसरीत पुस्तिका: गोदी कामगारांच्या, पाण्याच्या प्रश्नावरच्या, भाडेवाढीच्या, काही त्यांनी स्वतः लिहिलेल्या. त्या दुसऱ्या बॅगेत मम्मीला सुकी मासळी आणि लोणचं भरायचं होतं. हे ती अजून विसरलेली नाही. मम्मी नर्स, तिच्या नोकरीवर आम्ही कॅनडात मिसिसागाला आलो. मी तेव्हा चार वर्षांची. पप्पा पाहुण्यांना सांगायचे, मी हिच्या सामानातून आलो.

मुंबईत ते एका जहाज कंपनीत कारकून होते आणि युनियनचं सगळं लिखाण त्यांच्याकडे असायचं. इथे त्यांना एअरपोर्टजवळच्या एका वेअरहाउसात काम मिळालं. पण बेसमेंटमध्ये, घर गरम करणाऱ्या फर्नेसच्या शेजारी, त्यांनी एक जुना प्रिंटर, कागद कापायचं पातं आणि गराज सेलमधून आणलेलं लांब टेबल मांडलं, आणि महिन्याभरात पहिलं पत्रक निघालं. विषय होता वेअरहाउसातला वॉशरूम ब्रेक. मराठीत. ते वाचू शकणारी वेअरहाउसात तीन माणसं होती. पप्पांनी पन्नास प्रती काढल्या होत्या.

उरलेल्या सत्तेचाळीस प्रती चर्चच्या हॉलमध्ये गेल्या. महिन्यातून एका रविवारी तिथे मराठीत मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, व्हायची आणि नंतर खाली चहा. पप्पा पत्रकांचा गठ्ठा सँडविचच्या ताटाशेजारी ठेवायचे, म्हणजे कुणाला चुकवता येऊ नये. माणसं एका हातात सँडविच आणि दुसऱ्या हातात पत्रक घेऊन गाडीकडे जायची. एक आंटी दर वेळी विचारायच्या, आज कुणाची खैर नाही? पप्पा गंभीरपणे उत्तर द्यायचे, आज सिटी काउन्सिलची.

घड्या घालायचं काम माझं. कागद समोर धरायचा, कडेला कड जुळवायची आणि अंगठ्याचं नख एकदाच, वरपासून खालपर्यंत, न थांबता ओढायचं. दोनदा ओढलं तर घडी दुभंगते, असं पप्पांचं मत होतं. हिवाळ्यात शनिवारी दुपारी बेसमेंटच्या त्या छोट्या खिडकीपर्यंत बर्फ चढलेला असायचा, फर्नेस घुरघुरत असायची, वर मम्मी रेडिओ लावून कोंबडीचं भुजिंग करायची, आणि खाली आम्ही दोघं अन्यायाच्या घड्या घालत असायचो. मला त्या दुपारी जितक्या आठवतात तितकं शाळेतलं काही आठवत नाही.

बारा वर्षांची असताना मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. आमच्या कोपऱ्यावरचा बसस्टॉप जानेवारीत एका सकाळी बंद झाला. थांब्याच्या खांबाला नुसता नंबर, बाकी काही नाही. मम्मी वीस मिनिटं थंडीत उभी राहून परत आली. मी पेटले. सिटीने कोणतीही सूचना न देता स्टॉप हलवला, हा कामाला जाणाऱ्या माणसांचा अपमान आहे, असं मी इंग्रजीत आणि मराठीत लिहिलं. पप्पांनी वाचलं, त्यांच्या मिशा हलल्या. फक्त एवढंच विचारलं, खांब नीट पाहिलास ना? मी म्हटलं, पाहिला. आमच्या रस्त्यावरच्या एकेचाळीस घरांच्या पेट्यांत पत्रक पडलं.

दोन दिवसांनी बर्फ वितळला. खांबाच्या मागच्या बाजूला, जिथे वाऱ्याने बर्फ थापला होता, तिथे प्लास्टिकच्या पाकिटात सूचना लावलेली होती. तारखेसकट, नकाशासकट.

मला वाटलं, गप्प बसू, कोण बघतंय. पप्पांनी मला खाली बोलावलं. रागावले नाहीत. दुरुस्ती काढायची म्हणाले, आणि तिचे नियम सांगितले. दुरुस्ती पत्रकाच्याच आकाराची. त्याच टाइपात. ज्या ज्या दारी चूक गेली त्या त्या दारी ती गेली पाहिजे, एकही दार सोडायचं नाही. आणि तिच्यात सबब सांगायची नाही. बर्फ होता हे लिहायचं नाही, मी लहान आहे हेही लिहायचं नाही. चूक काय होती, बरोबर काय आहे, संपलं.

एकेचाळीस दारं आम्ही दोघं फिरलो. पप्पा फुटपाथवर उभे राहायचे, मी ड्राइव्हवेवरून चालत जायचे. एका घरातले गोरे आजोबा बाहेर उरलेला बर्फ फावड्याने काढत होते. त्यांनी तिथेच उभं राहून वाचलं आणि म्हणाले की पहिलं पत्रक त्यांनी फेकून दिलं होतं, हे मात्र ठेवतील. त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता तो रस्ता मी मुद्दाम आठवते, आणि शरम वाटत नाही.

पप्पांच्या सगळ्या लिखाणात एक पुस्तिका थोरली होती. मुंबईत, माझ्या जन्माच्या आधी, त्यांनी ती लिहिली. चाळीस पानांची. विषय ऐकून लोक हसायचे: ब्रिटिशांच्या इराणमधल्या वकिलातीचा खर्च. तेहरानला इंग्लंडच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, इराणच्या शहराशहरांत कॉन्सुल, त्यांचे घोडेस्वार, तंबू, डॉक्टर, शहाला आणि सरदारांना द्यायचे नजराणे. हे सगळं कुणाच्या पैशातून? पप्पांचं उत्तर असं, की हिंदुस्थानच्या रयतेच्या. सगळंच्या सगळं. कोकणातल्या मिठावरचा कर भरणाऱ्या बाईने, जिने इराण हा शब्दही ऐकला नव्हता, तेहरानच्या मेजवानीतल्या मेणबत्त्यांचे पैसे दिले. पाचव्या पानावर हे वाक्य होतं आणि ते पप्पांचं सर्वांत गाजलेलं वाक्य. युनियनच्या सभांमध्ये ते म्हटलं जायचं. मला ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

एका सरकारी ग्रंथालयात जेवणाच्या सुट्टीत जाऊन, डबा खिशात कोंबून, कित्येक महिने जुने हिशेबाचे खंड उतरवून त्यांनी ती लिहिली होती. कारकुनाने साम्राज्याची वही तपासली, असं ते म्हणायचे. त्या पुस्तिकेमुळेच मी वॉटर्लू युनिव्हर्सिटीत इतिहासात एम.ए. करायला गेले आणि प्रबंधाला विषय घेतला तोच: परदेशातल्या वकिलातींचा खर्च लंडन आणि कलकत्ता आपसांत कसा वाटून घेत. माझ्याबरोबर राहणाऱ्या तिन्ही मुली कॉम्प्युटरवाल्या होत्या. त्यांनी मला विचारलं होतं, ह्याच्यावर जॉब मिळतो? मी त्यांना साम्राज्यवादावर पंधरा मिनिटं सुनावलं. त्यांनी मला परत तो प्रश्न विचारला नाही, आणि बाकीचेही फारसे विचारले नाहीत.

त्या वर्षी पप्पा साठ पूर्ण करणार होते. आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांनी, पुण्याचे रिटायर्ड इंजिनीअर, ठरवलं की ती पुस्तिका पुन्हा छापायची आणि चर्चच्या हॉलमध्ये पप्पांच्या हस्ते वाटायची. पप्पांचे डोळे तोवर गेल्यातच जमा होते. मधलं काही दिसत नव्हतं, कडेकडेचं थोडं. ते माणसाकडे बघायला मान तिरपी करायचे. पुस्तिका मी टाइप करायची, प्रुफं मी वाचून दाखवायची, असं ठरलं. मी बसमध्ये चढताना त्यांनी फोनवर सांगितलं, तिथे एवढी लायब्ररी आहे तुझ्या हाताशी, आकडे एकदा तपासून घे, बाय. बाय म्हणजे मी, आमच्याकडे मुलीला तशीच हाक मारतात.

मी ते आनंदाने घेतलं. खरं तर मला आकड्यांत भर घालायची होती.

हिशेबाच्या जुन्या खंडांच्या मायक्रोफिल्म दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून मागवता आल्या. एका अंधाऱ्या खोलीत मशीनवर त्या फिरवायच्या. पहिल्या आठवड्यात पप्पांचा प्रत्येक आकडा सापडला, पै-पैसकट बरोबर. त्यांच्या अक्षरातली वही माझ्या मांडीवर होती आणि पडद्यावर तेच आकडे सरकत होते. तीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या बोटाने जिथे रेघ ओढली तिथे आज माझं बोट होतं. मला त्यांना तेव्हाच फोन करावासा वाटला.

दुसऱ्या आठवड्यात दुसरे खंड आले. सरकार हिशेब दोन भागांत बांधायचं. खर्च एकात, जमा दुसऱ्यात. जमेच्या खंडात, अगदी किरकोळ बाबींच्या गर्दीत, एक ओळ होती. इराणमधल्या वकिलातीच्या आणि कॉन्सुलांच्या खर्चापैकी लंडनच्या खजिन्याकडून वसूल. पुढच्या वर्षीही ओळ होती. त्याच्या पुढच्याही.

व्यवस्था अशी होती. इराणातली काही ठाणी हिंदुस्थान सरकार चालवायचं, काही लंडन. ज्याचं ठाणं त्याने आधी खिशातून द्यायचं. वर्षाच्या शेवटी दोघांची बेरीज करायची, निम्मी करायची, आणि ज्याने कमी दिलं त्याने दुसऱ्याला भरून द्यायचं. पप्पांनी जी वर्षं घेतली होती त्यांत हाच करार चालू होता. त्यांनी पाहिलेल्या ग्रंथालयात फक्त खर्चाचे खंड होते. त्यांनी हिंदुस्थानने आधी काढून दिलेले पैसे मोजले आणि तोच शेवट समजले. सगळंच्या सगळं नव्हतं. निम्मं होतं.

साम्राज्याने निम्मे पैसे दिले होते म्हणून मला साम्राज्याचा भयंकर राग आला.

रागाच्या भरात मी आणखी वाचलं. लंडनमधल्या दोन कचेऱ्या, एक हिंदुस्थानचा कारभार बघणारी आणि एक खजिन्याची, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि त्या एकमेकींना पत्रं लिहायच्या. रशिया हिंदुस्थानकडे सरकू नये म्हणून तेहरानला वकील आहे, तेव्हा हिंदुस्थानने द्यावं, असं खजिना म्हणायचा. व्यापार तुमचा, मान तुमचा, तुम्ही द्या, असं दुसरी कचेरी. तंबूंवरून वाद, डॉक्टरवरून वाद, भिंत बांधली तर ती हिंदुस्थानसाठी की इंग्लंडसाठी यावर वाद. सभ्य, थंड इंग्रजी. मला हे सगळं आवडायला लागलं होतं आणि आवडतंय याचीही चीड येत होती. कारण त्या फिल्मच्या टोकाला प्रत्येक वेळी पाचवं पान उभं असायचं.

मी पप्पांना सांगितलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी घरी गेले तेव्हा काका येऊन बसले होते. मुखपृष्ठाचा रंग ठरत होता. पप्पांनी दाढी केली होती, तिरप्या मानेने ते रंगाचा तुकडा डोळ्याच्या कडेशी धरून बघत होते. हाच, म्हणाले, पहिल्या आवृत्तीचा हाच होता. त्यांना इतकं खूश मी नोकरी सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. वेअरहाउसातल्या त्यांच्या वीस वर्षांचं नाव कुणी घेणार नव्हतं. ही चाळीस पानं तेवढी होती.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, वॉटर्लूला माझ्या खोलीत, मी फाइल उघडली आणि 'सगळंच्या सगळं' काढून 'मोठा वाटा' असं टाकलं. आणखी तीन ठिकाणी हात फिरवला. फार थोडे शब्द. वाक्याचा ताल जवळजवळ तोच राहिला. पप्पांना वाचता येत नव्हतं, बाकी कुणी जुनी प्रत शेजारी ठेवून बघणार नव्हतं. छापलेलं खरं असेल आणि पप्पांना कळणार नाही, असा मी हिशेब केला. जाहीर सभेत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी उभं राहून त्याला खोटारडा म्हटलं असतं.

त्या शनिवारी बेसमेंटमध्ये मी प्रुफं वाचून दाखवली. पप्पांना मजकूर पाठ होता. मी वाचत होते आणि त्यांचे ओठ माझ्या अर्धा शब्द पुढे हलत होते. पाचव्या पानावर आले. लॅपटॉपवर 'मोठा वाटा' होतं. मी वाचलं, सगळंच्या सगळं. त्यांचे ओठ हलले, सगळंच्या सगळं. त्यांनी टेबलावर बोटाने हलकेच ठोकलं, सभेत ठोकायचे तसं. मी घाईने पुढे गेले.

जेवण झाल्यावर मी भांडी घासत होते तेव्हा मम्मी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या एका हातात जुनी पुस्तिका, दुसऱ्यात माझी छापलेली प्रुफं. चष्मा कपाळावर. आयुष्यभर औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं दोनदा वाचून तिला सवय लागली होती, एवढंच. तिने जिन्यातून मला वाचताना ऐकलं होतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "जगाला पत्रकं वाटत फिरतेस. घरात तोंड उघडायला काय होतं तुला?"

मी तिला सगळं सांगितलं. दुसरा खंड, जमेची ओळ, निम्मं. तिने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, हे त्यांना समजलं तर ते मरतील असं वाटतं का तुला? मी म्हटलं, तसं नाही, पण वाईट वाटेल. मम्मी म्हणाली की वाईट वाटलेली माणसं तिने खूप पाहिलीत, त्याने कुणी दगावत नाही. आणि तीसेक वर्षांपूर्वी याच पुस्तिकेपायी तिला एकटीला बाळंतपणाच्या खरेदीला जावं लागलं होतं, तेव्हा तिचाही त्या पुस्तिकेवर थोडा हक्क आहे. ती खोटी छापलेली तिला चालणार नाही. मग तिने माझ्या हातातला पातेल्याचा काथ्या काढून घेतला.

पप्पा खालीच होते. कोऱ्या कागदांवर हात फिरवत बसले होते. मी समोर बसले आणि आधी खंडांचं सांगितलं. ते न थांबवता ऐकत राहिले. एक-दोनदा आकडा विचारला. कोणतं साल, कोणतं कलम. कारकुनासारखं. शेवटी म्हणाले, "म्हणजे खांबाची मागची बाजू."

मी हो म्हटलं.

मला वाटलं संपलं. मग त्यांनी विचारलं, तू मला आज दुपारी काय वाचून दाखवलंस? आणि छापायला काय जाणार आहे? मी ते सांगितलं. फर्नेस सुरू झाली, बंद झाली. मान तिरपी करून ते मला डोळ्याच्या कडेने शोधत होते.

"चूक माझी होती, बाय," ते म्हणाले. "ती तू मला न विचारता घेतलीस कशी?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. मी रडले, ते त्यांना दिसलं नसावं, ऐकू आलं असेल. त्यांनी सांत्वन केलं नाही. थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखं सांगू लागले की तो दुसरा भाग असणार हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. खर्च आहे तिथे जमा असतेच, रोज तेच काम करत होते ना ते. ग्रंथपालाला विचारलं होतं. तो म्हणाला, दिल्लीहून मागवावा लागेल, सहा महिने धरा. आणि युनियनचा मोर्चा पुढच्या महिन्यात होता. सहा महिने थांबायचं वय नव्हतं माझं, म्हणाले. तुझ्याएवढाच होतो. मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. डबा खिशात कोंबलेला, घाईत असलेला, कुणाचं न ऐकणारा एक तरुण माणूस.

मग त्यांनी सांगितलं, जुना मजकूर जसाच्या तसा छापायचा. माझे चारही बदल काढायचे. आणि आत दुरुस्ती घालायची.

काकांना ते पटलं नाही. सत्कार आहे, त्यात आपणच आपली चूक काढायची म्हणजे अपशकुन, एक शब्द बदला की, कुणाला कळतंय, असं ते फोनवर समजावत राहिले. पप्पांनी त्यांना सांगितलं, कळणाऱ्या दोघी याच घरात आहेत, आणि त्यांतली एक आत्ता भांडी घासतेय.

दुरुस्ती मी लिहिली. पुस्तिकेच्याच आकाराचा कागद, तोच टाइप. चूक काय, बरोबर काय. त्याखाली मी आणखी एक परिच्छेद लिहिला होता, आणि तो मला फार आवडला होता. निम्मं म्हणजे न्याय नव्हे. दोन सरकारं वाटण्या करायला बसली, पण त्यांतलं एक दुसऱ्याचाच चाकर होतं. वकील कुणाचा असावा, हवा की नको, हे मीठ विकत घेणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही. तिला फक्त तिचा निम्मा वाटा लावून दिला. तो मी सभेतल्यासारखा उभं राहून वाचून दाखवला.

पप्पा म्हणाले, छान आहे. काढ.

मी भांडले. हे खरं आहे, मी म्हटलं, हे तर मूळ मुद्द्यापेक्षा जास्त खरं आहे. ते म्हणाले, असेल. त्याची वेगळी पुस्तिका लिही, चाळीस पानांची लिही, मी ऐकेन. दुरुस्तीत वकिली करायची नाही.

मी तो परिच्छेद काढला. ती पुस्तिका मी आता लिहिते आहे, आणि दोन्ही खंड बघून लिहिते आहे, म्हणून इतका वेळ लागतो आहे.

सत्काराच्या आदल्या शनिवारी आम्ही दुरुस्तीच्या कागदांच्या दीडशे घड्या घातल्या. पप्पा कागद दिसत नसताना घालत होते. कडेला कड बोटांनी चाचपायची, आणि नख वरपासून खालपर्यंत, एकदाच. त्यांच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ होत्या. बेसमेंटच्या खिडकीपर्यंत बर्फ आला होता. वर भुजिंगचा वास. मी पुन्हा बारा वर्षांची असते तर बरं, असं मला त्या दुपारी नाही वाटलं. आता मागे जावंसं वाटतं, पण बाराव्या वर्षात नाही, त्या दुपारीच.

हॉलमध्ये पप्पा पाच मिनिटं बोलले. चार मिनिटं दुरुस्तीबद्दल. काका कपाळाला हात लावून बसले होते. आंटींनी, आता त्या खूप थकल्या होत्या, बसल्या जागेवरून विचारलं, मग आज कुणाची खैर नाही? पप्पा म्हणाले, आज माझी. हॉल हसला, आणि पुस्तिका सँडविचशेजारी गेल्या.

पण पप्पांचं काम संपलं नव्हतं. ज्या ज्या दारी चूक गेली त्या त्या दारी, असा नियम होता, आणि ती पहिल्यांदा मिसिसागात गेली नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला वही घेऊन बसवलं आणि नावं सांगायला सुरुवात केली. वसईचे, नालासोपाऱ्याचे, माझगावचे. पहिली आवृत्ती ज्यांना त्यांनी हाताने दिली होती त्यांतले जितके आठवले तितके. घराची खूण सांगायचे, चर्चच्या मागे, विहिरीला लागून, मग त्यावरून पत्ता आम्ही शोधायचो. काही नावांवर मम्मी आतून ओरडून सांगायची, ते गेले, दोन वर्षं झाली. पप्पा म्हणायचे, मुलगा असेल ना घरी. लिही. बावीस पाकिटं झाली. पोस्टातली मुलगी प्रत्येकावर स्टँप लावताना माझ्याकडे बघत होती, लग्नाच्या पत्रिका आहेत का म्हणून. मी म्हटलं, साधारण तसंच.

सहा परत आली. बाकीच्यांचं काही कळलं नाही. उन्हाळ्यात एक पत्र आलं, वसईहून, वहीच्या पानावर, थरथरत्या अक्षरात. पप्पांच्या युनियनमधल्या एका जुन्या मित्राचं. ज्या दोघांनी मिळून सभांमध्ये पाचव्या पानाचं ते वाक्य म्हटलं होतं, त्यांतला दुसरा.

पप्पा मागच्या डेकवर उन्हात बसले होते. मी शेजारी बसून उघडलं आणि आधी मनात सगळं वाचलं. पप्पांनी मान तिरपी केली. मी वाचताना थांबलेलं त्यांना आवडत नाही हे मला माहीत होतं, आणि या वेळी मी एकही शब्द बदलणार नव्हते.

मी मोठ्याने वाचलं. "तुझी दुरुस्ती मिळाली. कसली दुरुस्ती ते समजेना. खरं सांगतो, तुझी पुस्तिका मी तेव्हा वाचलीच नव्हती, पाचव्या पानापर्यंत गेलो आणि भाषणाला पुरेसं झालं. आता माळ्यावरून काढून सबंध वाचली. बरी आहे. निम्मं असलं तरी बरी आहे."

पप्पांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग मम्मीला बाहेर बोलावून तिसऱ्यांदा.